खिडकीपुढचा ओंडका

झाड पडलं तेव्हा कुणाला लागलं नाही, हे लोकांनी मास्तरांना इतक्या वेळा सांगितलं, की आपल्याला वाईट वाटतंय हा आपलाच आगाऊपणा आहे, असं शेवटी मास्तरांना वाटायला लागलं. वारा नाही, वादळ नाही, भर दुपारी अंगणाच्या कोपऱ्यातलं ते जुनं झाड मुळापासून कललं आणि घराच्या भिंतीला धरून अगदी शिस्तीत आडवं झालं. मुळं रस्त्याच्या बाजूला उघडी पडली, फांद्या शेजारच्या रिकाम्या जागेत गेल्या. मधलं खोड एका टोकाला ओट्यावर आणि दुसऱ्या टोकाला बाजूच्या कुंपणावर टेकून, पुढच्या खोलीच्या खिडकीसमोर जे थांबलं ते थांबलंच. काच फुटली नाही की गज वाकला नाही. "नशीबवान आहात," असं जो तो म्हणून गेला. मास्तर प्रत्येकाला "हो ना" म्हणाले.

त्या खिडकीच्या आत मास्तरीणबाईंची खाट होती. झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू हलत नव्हती. बोलणं गेलं होतं ते परत आलं, पण सावकाश, एकेक शब्द उजेडात धरून बघितल्यासारखं. "यांना बोलत्या ठेवा," एवढंच डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. "बोलणं थांबलं की बाकीचंही हळूहळू थांबतं." मास्तर स्वतः बोलक्यांतले नव्हते. पण त्यासाठी त्यांना काही करावंही लागलं नव्हतं, कारण खिडकीबाहेर गल्ली होती आणि गल्लीत झाडाची सावली होती. सावलीत इस्त्रीवाल्याची गाडी उभी असायची. शाळेच्या गाडीची वाट बघणाऱ्या आया तिथेच थांबायच्या. औषधं विकत हिंडणारा एक माणूस रोज दुपारी मोटारसायकल लावून तिथे डबा खायचा. मास्तरीणबाई उशीला टेकून हे सगळं बघायच्या आणि आत टेबलावर कापड कापणाऱ्या मास्तरांना बातम्या पुरवायच्या. "इस्त्रीवाला घरी भांडून आलाय. कॉलरी कशा दाबतोय बघा." नाहीतर, "आज डबा अर्धाच खाल्ला त्याने. काहीतरी बिनसलंय." मास्तर "हं" म्हणायचे. त्यांचा संसार गेलं वर्षभर या "हं"वर चालला होता आणि बरा चालला होता.

झाड पडल्यावर खिडकीत खाली ओंडका आणि वर बोटभर आकाश एवढंच उरलं. पहिल्या दिवशी मास्तरीणबाई म्हणाल्या, "ढग आलाय." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "गेला." त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. आकाशाबद्दल माणूस बोलून बोलून किती बोलणार? चहा हवा का विचारलं तर मान हलायची, नको असला तरी मान हलायची. खोलीत दिवसाही दिवा लावावा लागायचा. मास्तर कात्री चालवता चालवता मधूनच "हं" म्हणायचे, आणि मग लक्षात यायचं की कुणी काही बोललेलंच नाही. अशा दोन-तीन "हं"नंतर त्यांनी चंग बांधला, की काहीही होवो, हा ओंडका इथून हलवायचा.

इथे मास्तरांबद्दल थोडं सांगायला हवं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कापडाच्या एका मोठ्या दुकानात ते कटिंग मास्तर होते. बायको आजारी पडल्यावर दुकान सोडून त्यांनी काम घरी आणलं, आणि मालकांनी त्यांच्या जागी दुसरा माणूस ठेवायला जरा जास्तच कमी वेळ लावला, हे दुःख त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. हात मात्र अजून पक्का होता. त्यांची आयुष्यात एकच अट होती, ती म्हणजे माप घेताना मध्ये कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाइकाने नाही, मालकाने नाही, बायकोने तर नाहीच नाही. नव्या संसारात एकदा बायकोने मध्येच "चहा टाकू का?" असं विचारलं होतं. त्या चहापायी एका वकिलाच्या कोटाची एक बाही आखूड झाली, आणि त्या बाहीची आठवण मास्तरांनी बायकोला पुढे आयुष्यभर करून दिली. वकील बिचाऱ्यांना त्याचं काहीच नव्हतं. हात वर करून बोलायची सवय असल्यामुळे त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

सुरुवातीला मास्तरांनी कुऱ्हाडवाला बोलावला. त्याने अंगणात उतरून पहिला घाव घातला आणि खाट हलली. दुसऱ्या घावाला भिंतीवरची पोपडी मास्तरीणबाईंच्या पांघरुणावर पडली. तिसऱ्या घावाआधीच मास्तर धावत बाहेर आले. ओंडका भिंतीला इतका चिकटून होता की घाव लाकडाला बसायचा आणि हादरा घराला. कुऱ्हाडवाला म्हणाला, "लाकूड मोकळ्यात असतं तर दोन तासांचं काम." मास्तर म्हणाले, "मोकळ्यात असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?" कुऱ्हाडवाल्याने कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि तो निघाला.

मग मेहुणा आला. मेहुणा म्हणजे मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ. तो विमा विकायचा, त्यामुळे कुठल्याही संकटाकडे तो फार प्रेमाने बघायचा. त्याने कुठूनतरी दोन माणसांनी ओढायची लांब करवत पैदा केली. एका टोकाला मेहुणा, दुसऱ्या टोकाला मास्तर, असं सकाळभर चाललं. मेहुण्याचं म्हणणं होतं की भाऊजी ढकलतात. मास्तरांचं म्हणणं होतं की हा ओढतच नाही. दुपारपर्यंत बोट बुडेल एवढी खाच पडली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. जाताना मेहुणा म्हणाला, "भाऊजी, राग मानू नका. टेरिकॉटपेक्षा जाड काही कापायची तुम्हाला सवय नाही."

 हे वाक्य मास्तरांच्या मनाला इतकं लागलं, की संध्याकाळी जेवताना त्यांनी घास हातात धरून स्वतःशीच म्हटलं, "ओव्हरकोट कापलेत मी. आत अस्तर, मध्ये कॅनव्हास." मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

यंत्र आणायचं ठरलं ते इथे. पण यंत्राआधी परवानगी. झाडखात्याच्या कचेरीत मास्तर गेले तेव्हा तिथला साहेब खुर्चीत नव्हता. कोट मात्र खुर्चीवर होता आणि मास्तरांनी सवयीने तो न्याहाळला. पाठीत ओढ होती, शिवणाऱ्याने खांदा चुकवला होता. साहेब आल्यावर मास्तरांनी हकीकत सांगितली. साहेबांनी डोळे मिटून ऐकली.

"झाडाचं मूळ कुठे होतं?"

"अंगणाच्या कोपऱ्यात. पण मुळं रस्त्याखाली गेलीत."

"म्हणजे मूळ रस्तेखात्याकडे. शेंडा?"

"शेजारच्या रिकाम्या जागेत."

"तो त्या मालकाकडे. तो कुठे असतो?"

"परदेशात."

"म्हणजे तुमच्याकडे फक्त मधला भाग आला," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "तिघांचं एकमत झालं की या. नाहीतर आम्हाला जागेवर येऊन बघावं लागेल, आणि सध्या माणूस नाही."

"साहेब, माझी बायको त्या खिडकीशी झोपून असते. तिला काही दिसत नाही."

"डोळ्यांचा विभाग आमच्याकडे नाही," साहेब म्हणाले. यात त्यांना विनोद करायचा नव्हता. दिवसाकाठी इतके लोक इतक्या गोष्टी चुकीच्या टेबलावर आणायचे, की त्यांचे कान आपोआप असं ऐकायला लागले होते.

वरच्या मजल्यावर एक पेन्शनर राहायचे. ते कोणत्या खात्यातून निवृत्त झाले हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, पण सगळ्या खात्यांबद्दल त्यांना सारखाच राग होता. ते गॅलरीतून म्हणाले, "परवानगीची वाट बघाल तर त्या ओंडक्याला पालवी फुटेल. कापून मोकळे व्हा. आणि मशीन घ्यायची तर विजेवरची घ्या. पेट्रोलचा धूर वहिनींच्या नाकात जाईल." ते ऐकून मेहुणा, जो अबोला विसरून पुन्हा आला होता, म्हणाला की विजेवरची मशीन म्हणजे खेळणं, असल्या लाकडाला पेट्रोलच पाहिजे. पेन्शनर म्हणाले, पेट्रोलच्या मशीनची दोरी ओढता ओढता आपल्या साडूचा खांदा निखळला होता. मेहुणा म्हणाला, म्हणूनच खांद्याचा विमा असतो. मास्तर अंगणात मान वर करून एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. या वादात एक आठवडा गेला. वाद कशावरून सुरू झाला ते खिडकीच्या आतल्या माणसाला सोडून बाकी सगळे विसरले.

एका बाबतीत मात्र गल्लीत एकमत होतं. मशीन लाकडापेक्षा लहान पडता कामा नये. ज्या लांब पट्टीवरून साखळी फिरते तिला बार म्हणतात, आणि बार लाकडाला पुरला पाहिजे, हे मेहुण्याने कुठूनतरी ऐकून आणलं होतं. "भाऊजी, माप बरोबर द्या, बाकी सगळं दुकानदार बघतो." माप म्हटल्यावर मास्तरांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी जरा उजळला. या सगळ्या भानगडीत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या कामाचं काही बोललं होतं.

त्यांनी गळ्यात टेप टाकली, कानावर खडू ठेवला आणि अंगणात उतरले. ओंडका आणि भिंत यांच्या फटीतून हात घालून, गाल लाकडाला टेकवून, पलीकडून टेपचं टोक पकडायला त्यांना त्या ओंडक्याला मिठीच मारावी लागली. आतून मास्तरीणबाई बघत होत्या. गजांच्या मध्ये नवऱ्याचं अर्धं तोंड, त्याच्याखाली खरखरीत साल. त्यांचे ओठ जरासे हलले. मास्तरांनी भुवई वर केली. ओठ थांबले. मास्तरांनी टेप घट्ट केली, मग नेहमीप्रमाणे दोन बोटं आत सरकवून जरा सैल केली आणि आकडा वाचला. अडुसष्ट. खडूने त्यांनी तो लाकडावरच लिहिला. पुढे शिलाईत जातात तसे दोन इंच सोडले. कमी पडण्यापेक्षा जास्त झालेलं बरं, वाढवता येत नाही, दाबता येतं, हे सूत्र त्यांना आयुष्यात कधी नडलं नव्हतं.

यंत्रांचं दुकान मोठं होतं. भिंतीवर निरनिराळ्या आकाराच्या करवती टांगल्या होत्या. दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला.

"लाकूड केवढं आहे?"

"सत्तर धरा."

"सेंटिमीटर?"

"इंच. आम्ही इंचातच बघतो."

दुकानदाराने चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "सत्तर इंची लाकूड? शहरात?"

"माझ्या खिडकीपुढे," मास्तर म्हणाले. ते सांगताना त्यांच्या आवाजात नाही म्हटलं तरी थोडा ताठा आला.

"नीट मोजलंय ना तुम्ही?"

हा प्रश्न विचारायला नको होता. मास्तरांनी काउंटरवर दोन्ही हात टेकले. "साहेब, चाळीस वर्षं मापं घेतोय. सगळ्यात भरलेल्या जागी मोजलंय. पोटाशी." दुकानदाराने मान हलवली आणि तो आदराने दोन पावलं मागे सरकला. मग त्याने भिंतीवरच्या सगळ्या करवती हाताने एका बाजूला सारल्यासारखा आविर्भाव केला. "यांतलं काही चालायचं नाही. एवढा बार आम्ही ठेवतच नाही. जंगलात जुनी प्रचंड झाडं पाडणारे लोक घेतात तसा मागवावा लागेल. आणि एकदा मागवलेला परत घेतला जाणार नाही." त्याने किंमत सांगितली. मास्तर तिथल्या स्टुलावर बसले. दुकानदाराने पाणी दिलं. मास्तरांच्या डोळ्यांसमोर टेरिकॉटचं वाक्य आलं, मग दिव्याच्या उजेडातली ती खोली आली. "मागवा," ते म्हणाले.

करवत यायला बराच वेळ लागला. तेवढ्या काळात इस्त्रीवाला एकदा दारात डोकावून गेला. सावली गेल्यामुळे उन्हात इस्त्री करताना त्याला घेरी यायला लागली होती, म्हणून गाडी पुढच्या गल्लीत हलवतोय, असं सांगायला तो आला होता. "बाईंना सांगा," तो म्हणाला. मास्तरांनी सांगितलं नाही. ओंडका निघाला की सगळं पूर्ववत होईल आणि तोही परत येईल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. बाईंची मान हलणंही आता कमी झालं होतं. डॉक्टर येऊन गेले तेव्हा त्यांनी मास्तरांना बाहेर बोलावलं आणि फक्त त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तरांना तो हात आवडला नाही.

अखेर टेम्पोतून एक लांबलचक लाकडी पेटी आली. ती उतरवताना बघून समोरच्या बाईंनी हळूच खिडकी लावून घेतली. पेटी उघडली तेव्हा गल्लीतले उरलेसुरले लोक जमले होते. आत करवत होती. मास्तर तिच्याशेजारी उभे राहिले. करवत उंच होती. मेहुण्याने शिट्टी वाजवली. पेन्शनर गॅलरीतून म्हणाले, "ही कुणासाठी आहे?"

"भक्कम आहे," मास्तर म्हणाले. नव्या कपड्यात गिऱ्हाईक प्रथम असंच अवघडतं, हा त्यांचा अनुभव होता.

आधी चालवून बघायची ठरली. अंगणात तिला आडवी धरायला जागा नव्हती, म्हणून ती रस्त्यावर आणली. इंजिनाकडची बाजू मास्तरांनी धरली, टोकाकडचा जादा दांडा मेहुण्याने. पेन्शनर वरून सूचना वाचायला लागले. पुस्तिका चार भाषांत होती आणि त्यांतली एकही त्यांना येत नव्हती, तरी ते चित्रांवरून ठामपणे सांगत होते. दोरी ओढली, काही नाही. पुन्हा ओढली, खोकली. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, बाजूला व्हा, मी दाखवतो," आणि आपलं टोक सोडून दोरीला हात घालायला आला. नेमकी त्याच वेळी ती सुरू झाली.

तो आवाज ज्यांनी ऐकला ते अजून त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. मेहुणा स्वतः किती वेगाने पळाला हे त्याला नंतर सांगूनही पटलं नाही. मास्तरांनी करवत सोडली नाही. सोडायची कशी हे पान पेन्शनरांनी अजून वाचलं नव्हतं. जड टोक हळूहळू खाली झुकलं, मास्तर त्याच्यामागे ओढले गेले, आणि रस्त्याच्या कडेला झाडखात्याने लावलेली 'झाडे आपले मित्र आहेत' ही लाकडी पाटी तिने खांबासकट एका दमात आडवी केली. कापलेली जागा अगदी साफ, लोण्यासारखी. मग पेट्रोल संपलं.

शांतता पसरल्यावर मास्तर म्हणाले, "चालते."

आता अंगण. पण अंगणाचं काय करायचं? घराची भिंत आणि रस्त्याकडचं कुंपण यांच्यामध्ये होती पाच फूट जागा, त्यात ओंडका. करवत इंजिनासकट सात फुटांच्या वर. ओंडक्यावर ती आडवी ठेवायची तर एक टोक रस्त्यात तरी जायला हवं, नाहीतर खिडकीतून आत खाटेवर. मेहुण्याने तिरकी धरून बघितली. उभी धरून बघितली. पेन्शनर वरून म्हणाले, "वहिनींची खाट तेवढी सरकवता आली तर..." मास्तरांनी वर बघितलं, आणि पेन्शनर त्या दिवशी पहिल्यांदाच आपण होऊन आत गेले. मेहुणाही मग काहीतरी काम काढून निघून गेला. गल्लीतले लोक पांगले. करवत ओंडक्याशेजारी भिंतीला टेकून ठेवली, आणि आता ओंडक्यावरचं ते बोटभर आकाशही तिने अर्धं अडवलं.

मास्तर आत येऊन खाटेच्या कडेला बसले.  दोघं त्या करवतीकडे बघत राहिली.

"घेर घेतलात तुम्ही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

इतक्या दिवसांनी आवाज ऐकून मास्तर आधी आवाजच ऐकत राहिले. "काय?"

"घेर. कमरेचा घेतो तसा." श्वास घेऊन त्या पुढे म्हणाल्या, "करवत आडवी जाते. आडवं मोजायचं. बावीस भरलं असतं."

मास्तरांनी खिडकीतून ओंडक्याकडे बघितलं. सालीवर त्यांच्याच वळणदार अक्षरातला अडुसष्टचा आकडा होता. छत्तीस कमरेचा माणूस छत्तीस इंच रुंद नसतो, हे त्यांना आयुष्यभर माहीत होतं. माहीत असायची कधी गरजच पडली नव्हती, कारण पँटीला घेरच लागतो. दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या त्या सगळ्या लहान लहान करवती त्यांना दिसायला लागल्या. त्यांतल्या कुठल्याही एकीने काम झालं असतं.

"तुला केव्हा कळलं?"

"तुम्ही मिठी मारलीत तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "तुम्ही माप घेत होतात."

मास्तर उठले. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभे राहिले. चहाचं आधण ठेवायचं होतं, पण भांडं भरून वाहून गेलं तरी त्यांनी नळ बंद केला नाही. त्यांना त्या वकिलाची बाही आठवत होती. एवढीशी ती बाही, अर्धा इंचही नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडखात्याचे साहेब स्वतः आले. इतके दिवस ज्यांच्याकडे माणूस नव्हता ते आज ट्रक आणि सहा माणसं घेऊन आले, कारण सरकारी पाटी तोडल्याची तक्रार पोचली होती. कुणी केली हे कळलं नाही. पेन्शनर दिवसभर गॅलरीत आले नाहीत एवढं खरं.

साहेबांनी पाटीचे दोन तुकडे बघितले, मग करवत बघितली, मग मास्तरांना बघितलं. "ही तुम्ही चालवलीत?"

"हो."

"एकट्याने?"

"शेवटी शेवटी एकट्याने."

साहेबांनी विनापरवाना यंत्र म्हणून करवत जप्त केली. ती उचलायला चार माणसं लागली. मग त्यांची नजर ओंडक्यावर गेली, त्यावरच्या खाचेवर गेली, आणि खडूच्या आकड्यावर. "हाही पुराव्यात घ्यावा लागेल," ते म्हणाले. "मूळ, शेंडा आणि मधला भाग, सगळं एकत्रच जप्त. म्हणजे कुणाला विचारायला नको." त्यांच्या माणसांनी ट्रकमधून एक जुनी, हातभर बारची करवत काढली आणि एकदा वरून, एकदा खालून असं करत चहा व्हायच्या आत खोडाचे तुकडे केले. मास्तर बाजूला उभे राहून बघत होते. त्यांच्या मनात साहेबांच्या कोटाच्या खांद्याबद्दल सांगायचं आलं, पण त्यांनी ते गिळलं. ट्रकमध्ये शेवटच्या एका तुकड्याला जागा उरली नाही. तो साहेबांनी मास्तरांच्या ताब्यात ठेवला आणि बजावलं, की हा सरकारजमा आहे, जाळायचा नाही, विकायचा नाही, हलवायचाही नाही.

ट्रक गेला आणि खिडकीतून ऊन आत आलं. थेट खाटेवर, पांघरुणावर, मास्तरीणबाईंच्या तोंडावर. मास्तरांनी आत येऊन दिवा बंद केला. त्यांनी खाट थोडी उंच केली, उशा लावल्या आणि एक पडदा बाजूला सारला.

"आता बघ," ते म्हणाले.

मास्तरीणबाईंनी बघितलं. समोर कुंपण, त्यापलीकडे गल्ली, गल्लीत ऊन. इस्त्रीवाल्याची गाडी नव्हती. जिथे ती असायची तिथे जमिनीवर कोळशाचा काळा डाग होता. शाळेच्या गाडीच्या वेळी आया आल्या, पण त्या पलीकडच्या इमारतीच्या आडोशाला थांबल्या, इथून दिसणार नाहीत अशा. दुपारी डबा खाणारा मोटारसायकलवरून आला, त्याने वेग कमी केला, वर बघितलं, आणि न थांबता पुढे गेला. सावली होती म्हणून माणसं होती, हे इस्त्रीवाल्याने सांगूनही मास्तरांच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"कुणी नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "ऊन आहे."

मास्तर "हं" म्हणाले. ढग आलाय, गेला, असं सगळं त्यांना आठवलं. उद्या ती "ऊन आहे" म्हणेल, परवा तेही म्हणणार नाही. डॉक्टरांचा खांद्यावरचा हात आठवून त्यांचा खांदा जड झाला. त्यांनी टेबलावरचं कापड घडी केलं, मग उलगडलं, मग पुन्हा घडी केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सरकारजमा तुकडा ढकलत ढकलत अंगणातून बाहेर नेला आणि गल्लीत, खिडकीच्या अगदी समोर, काळ्या डागाशेजारी उभा केला. हलवायचा नव्हता, पण आतापर्यंत इतके कायदे मोडून झाले होते की आणखी एकाने फार काही बिघडणार नव्हतं. घरातली मोठी छत्री त्यांनी कुंपणाच्या खांबाला बांधली. सुई, दोरा, एक गिऱ्हाइकाची पँट घेऊन ते त्या तुकड्यावर जाऊन बसले आणि पँटीच्या पायाला टाके घालायला लागले. रस्त्याने जाणारा एकजण थांबला, काय झालं विचारून गेला. मास्तरांनी काही झालं नाही म्हणून सांगितलं. पेन्शनर गॅलरीत आले, बघून आत गेले. मान ताठ ठेवून मास्तर टाके घालत राहिले. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला. खिडकीकडे मुद्दाम बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. इस्त्रीवाला कधी बघायचा?

छत्रीची सावली सरकत सरकत त्यांच्या पाठीमागे गेली.

"टाके मोठे पडतायत," खिडकीतून आवाज आला.

मास्तरांनी मान वर केली नाही. त्यांनी टाके जरा लहान घातले.

"घाम पुसा. कापडावर पडेल."

त्यांनी बाहीने घाम पुसला. सुईत दोरा ओवला, पहिल्या खेपेला गेला नाही, दुसऱ्या खेपेला गेला. खिडकीत जरा हालचाल झाली, उशीवरून मान उचलल्यासारखी.

"अहो."

"हं."

"थोडे डावीकडे सरका ना. मागचं काही दिसत नाही."

मास्तरांनी वळून मागे बघितलं. मागे रिकामी गल्ली होती, लांबपर्यंत ऊन, आणि एक बंद दार. ते तुकड्यावरून उठले, पँट खांद्यावर टाकली, आणि तुकडा दोन्ही हातांनी धरून डावीकडे सरकवला.